गुन्वोरचं राहिलेलं प्रकरण

आमच्या शेजारच्या नॉर्वेजियन गुन्वोरला बाईमाणूस भेटलं, की ती हात मिळवत नाही. हात उलटा करून तळवा बघते. कपाळावरचा चष्मा खाली ओढते, समोरचीचा हात खिडकीच्या उजेडात नेते, बोटांची पेरं चाचपते आणि निकाल देते. ‘शिवणकाम. पण आता सोडलंस.’ किंवा, ‘ब्लीच. हातमोजे घालत जा.’ पहिल्यांदा आमच्याकडे आली तेव्हा माझ्या बायकोला, मंजिरीला वाटलं, नॉर्वेतही हात बघून भविष्य सांगतात की काय. तिनं मोठ्या आशेनं दुसराही हात पुढे केला. गुन्वोर म्हणाली, ‘भविष्यातलं मला कळत नाही. मी इतिहासाची आहे.’

माझा हात तिनं नुसता हलवला आणि सोडून दिला. पुरुषांच्या तळव्यात तिला रस नाही.

आम्ही आयर्लंडमधल्या कासलबारला आलो ते मंजिरीच्या नोकरीमुळे. ती इथल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. मी शॅननच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासतो, तेही घरी बसून. म्हणजे दिवसभर घरात सापडणारा, पार्सलं घेणारा, मुलीचा डबा भरणारा आणि दोन्ही वेळच्या पोळ्या लाटणारा माणूस मी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझी एक तक्रार आहे आणि ती पुढे येणार आहे.

तर गुन्वोर. वयानं माझ्या आईपेक्षा मोठी, तेव्हा खरं तर अहो-जाहो करायला हवं. पण इंग्रजीत सगळेच ‘यू’, आणि मनातल्या मनात मी तिच्याशी इतकं भांडलोय, की आता एकेरीवरून वर चढणं कठीण आहे. उंच, सडसडीत, पांढरे केस कानापाशी कापलेले, आणि अंगात नवऱ्याचा जुना पोस्टमनचा कोट. नवरा शॉन इथलाच, मेयो परगण्याचा. तो जाऊन काही वर्षं झाली. मूलबाळ नाही. नॉर्वेजियन बाई, बायकांच्या कामाचा इतिहास लिहिते, आणि राहते आमच्या भिंतीला भिंत लावून.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला पाहिलं ते मागच्या अंगणात. डिसेंबर, वरून आयर्लंडचा तो न थांबणारा भुरभुरता पाऊस, आणि ही बाई बाह्या सरसावून लाकडी टबात राखेच्या पाण्यात चादरी धुतेय. मला वाटलं, बिचारीचं वॉशिंग मशीन बिघडलं. माणुसकी म्हणून कुंपणावरून ओरडलो, की आमचं मशीन रिकामं आहे, आणा चादरी. तर म्हणाली, ‘माझ्याकडे मशीन आहे. तिसरं प्रकरण चालू आहे.’

हा तिचा नियम. जे आपल्या हातानं केलं नाही, ते लिहायचं नाही. परटिणींवर लिहायचं म्हणून अख्खा हिवाळा थंड पाण्यात हात. गवळणींवर लिहायचं म्हणून एका डोंगरावरच्या गोठ्यात उन्हाळाभर मुक्काम. तरुणपणी डबाबंद माशांच्या कारखान्यातल्या बायकांवर प्रबंध लिहिला, तेव्हा आधी त्याच कारखान्यात नोकरी धरली. तिचे प्रोफेसर म्हणाले होते, ‘यात इतिहास कुठे आहे? ही तर पाककृती झाली.’ ते वाक्य ती अजून त्यांच्या आवाजात म्हणून दाखवते. मग पुढे म्हणते, ‘त्या गृहस्थांनी तोच डबा उघडून रोज नाश्ता केला असणार.’ त्या प्रबंधाचं पुस्तक झालं, त्या पुस्तकावर ती विद्यापीठात लागली, आणि नंतर कितीतरी मुली तिचंच बोट धरून याच विषयात आल्या. आज त्यातल्या काही स्वतः प्रोफेसर आहेत आणि नाताळला तिला हातमोजे पाठवतात.

आयर्लंडला ती आली हेरिंग माशांच्या मागे. पूर्वी इथल्या पोरी हंगामात बंदराबंदरानं फिरत हे मासे चिरून, मीठ लावून पिंपांत भरायच्या. सुरी बोटाला लागू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळायच्या. गुन्वोरनंही चिंध्या गुंडाळल्या आणि एका म्हाताऱ्या बाईशेजारी उभं राहून मासे चिरायला शिकली. टपाल द्यायला येणारा शॉन त्या वासातसुद्धा दारात रेंगाळायचा, तेव्हाच तिनं ओळखलं, की हा माणूस टिकणार.

तिची दुसरी पद्धत त्याहून विचित्र. ती कुणाची मुलाखत समोर बसून घेत नाही. म्हणते, ‘खुर्चीत बसवून विचारलं, की प्रत्येक बाई एकच सांगते, मी काही विशेष केलं नाही. तिच्या हातात काम द्या, समोर बसून तुम्हीही तेच करा. मग बोलते.’ त्यामुळे कुणाकडेही गेली, की ही तडक स्वयंपाकघरात. तुम्ही हॉलमध्ये सोफ्यावरची धुणी उचलत असता आणि आत ती तुमच्या ओट्याशी उभी राहून विचारत असते, ‘हे कुणाच्या हातचं?’ भाजी असो, पडदा असो, भिंतीवरचं तोरण असो. हे तीन शब्द ती मंजिरीकडून मराठीत शिकली, आणि ‘हातचं’मधला ‘च’ तिला आमच्या मुलीपेक्षा नीट जमतो. मुलगी इरा, वय वर्षं नऊ, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र अस्सल मेयोच्या इंग्रजीत. तिचं मत, ‘शी’ज गॅस, बाबा.’ इथे ते कौतुकानं म्हणतात, माणूस भारी मजेशीर असेल तर.

गुन्वोरची आणखी एक सवय सांगायला हवी. ‘हो’ म्हणायचं असलं, की ती श्वास आत ओढत ‘या’ म्हणते. दचकल्यासारखा आवाज येतो. पहिल्या चहाला ती तसं चार-पाचदा म्हणाली, आणि मंजिरी कप ठेवून उठली, बॅगेतून स्टेथोस्कोप काढून तिच्या पाठीशी उभी राहिली. दमा नाही, नॉर्वेत असंच म्हणतात, हे पटवून देताना ती आणखी दोनदा तसंच म्हणाली. शेवटी मंजिरीनं छाती तपासलीच.

आता माझी तक्रार. ही बाई आमच्याकडे यायची, बहुतेक वेळा मी पोळ्या लाटत असताना. तव्यावरची गरम पोळी तूप लावून, गुंडाळी करून उभ्या-उभ्या खायची आणि म्हणायची, ‘मंजिरी सुरेख करते हं.’ मी म्हणायचो, ‘मी केली. तुझ्यासमोर केली.’ त्यावर ती सहानुभूतीनं मान हलवायची. ‘छान आहे. पण तू माझ्या विषयाबाहेर आहेस.’ मी पीठ मळतोय, विषयाबाहेर. इस्त्री करतोय, विषयाबाहेर. एकदा इराच्या स्कर्टची शिवण घालत होतो, तेव्हा तिनं सुई बघितली, धागा बघितला, आणि विचारलं, ‘मंजिरीनं कापून दिलं का?’ 

कळस झाला संक्रांतीला. मेयोत आम्ही मराठी घरं दहा-बारा, बहुतेक डॉक्टरांची. मंडळाचं हळदीकुंकू एका हॉलमध्ये ठेवलं होतं, आणि आमचे अध्यक्ष डॉक्टर गोडबोले, ज्यांना हाडांपेक्षा माइक प्रिय आहे, त्यांनी प्रमुख पाहुणी म्हणून गुन्वोरला बोलावलं. विषय, ‘इतिहास आणि स्त्री’. गोडबोल्यांनी परिचय वाचला. टाळ्या झाल्या. शाल आणि नारळ घेऊन ते वळले, तर पाहुण्यांची खुर्ची रिकामी.

ती आत होती. हॉलच्या स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात कोट काढून, कांदा चिरत. गोडबोले शाल-नारळ घेऊन आत गेले. त्यांनी शाल तिच्या खांद्यावर घातली, आणि त्याच क्षणी आमटी उतू जायला लागली. तिनं ती शाल खांद्यावरून काढली, दुहेरी घडी केली आणि आमटीचं पातेलं उतरवलं. सत्काराची शाल इतक्या उपयोगाची मी पहिल्यांदाच पाहिली. गोडबोले नारळ हातात धरून उभेच होते. तिनं त्यांना विचारलं, ‘हा तू फोडतोस, की मी?’

भाषण तिनं स्वयंपाकघराच्या त्या खिडकीतून केलं, जिथून वाढपाची भांडी बाहेर देतात. कार्यक्रमपत्रिका उंच धरून म्हणाली, ‘यात अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, ध्वनिव्यवस्थाही आहे. हात कुठे आहेत? ज्यांनी हे जेवण केलं, ते?’ मग तिनं एकेका पदार्थाचं नाव घेतलं आणि करणारीला खिडकीत बोलावलं. बायका लाजत, पदराला हात पुसत पुढे येत होत्या, आणि टाळ्या गोडबोल्यांना कधी मिळाल्या नाहीत इतक्या पडत होत्या. जन्मभर पंगतींचा स्वयंपाक केलेली माझी एक मावशी तिथे असती तर रडली असती. मलाही भरून आलं होतं. तेवढ्यात मसालेभाताचा नंबर लागला. आतून कुणीतरी सांगितलं, ‘मंजिरीकडचा.’ आणि हॉस्पिटलातून थेट ड्यूटीवरून आलेल्या, तांदूळसुद्धा न बघितलेल्या माझ्या बायकोनं खिडकीत जाऊन टाळ्या घेतल्या. वर माझ्याकडे बघून डोळा मारला.

घरी येताना गाडीत मी धुसफुसत होतो.  मंजिरी म्हणाली, ‘तिनं पातेलं उतरवलं तेव्हा बघितलंस? उजवा हात थरथरत होता.’

मंजिरीनं पाठपुरावा करून तिला तज्ज्ञाकडे नेलं. निदान असं, की हे हळूहळू वाढत जाणार. औषधानं लांबेल, थांबणार नाही. गुन्वोरनं ऐकून घेतलं आणि श्वास आत ओढत ‘या’ म्हणाली. मग परत येताना गाडीत तिनं आम्हाला सांगितलं, की शेवटच्या पुस्तकाचं एक प्रकरण राहिलं आहे. सगळ्या पुस्तकातलं एकच. प्रकाशक वाट बघून थकला.

‘कशावरचं?’ मी विचारलं.

‘फ्लॅटब्रेड. आमच्याकडे वर्षाची भाकरी एकदम करून ठेवत. कागदासारखी पातळ, कडक. शरद ऋतूत भाकरीवाल्या बायका लाटणं काखेत मारून शेतघरांतून फिरत. एकेका घरी मुक्काम करून ढीगच्या ढीग करून देत.’ मग म्हणाली, ‘माझी आई ते करायची.’

मला वाटलं, मग काय अडचण आहे? हातानं केल्याशिवाय लिहायचं नाही, ठीक. तवा हवा, तर आईचा भलाथोरला लोखंडी तवा तिच्या हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांखाली वर्षानुवर्षं पडून होता. मीच एकदा गळती बघायला गेलो तेव्हा पाहिला होता. खाचांचं लाटणंही तिथेच. आणि हात आज आहेत, पुढच्या हिवाळ्याचं कुणी सांगावं. पण ही बाई भलतीकडेच पळत होती. त्या संक्रांतीचे तिळगुळाचे लाडू डब्लिनजवळच्या क्लोनडॉकिनच्या एका बाईंनी घरी करून पाठवले होते. हे कळल्यावर गुन्वोर गाडी धरून डब्लिनला, तिथून बसनं क्लोनडॉकिनला. त्या बाईंसमोर बसून गरम पाकाचे लाडू वळून, बोटांची टोकं भाजून घेऊन परत. मी म्हटलं, ‘हे तुझ्या पुस्तकात आहे?’ म्हणाली, ‘नाही. पण त्यांना दुसऱ्या हातांची गरज होती. पाक थांबत नाही.’

‘आणि तुझं प्रकरण?’

‘नंतर.’

मार्चमधल्या एका शनिवारी सकाळी मी तिचं चुकून आमच्याकडे आलेलं पार्सल द्यायला गेलो. मंजिरी ड्यूटीवर, इरा पोहायला. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, तिच्यावर तो भलाथोरला तवा. एका बाजूला लाटायचा मोठा पाट, लाटणं, पीठ मळून ठेवलेलं. पाटाशी एक स्टूल, आणि तव्यापलीकडे, समोर, दुसरं स्टूल. गुन्वोर मध्ये उभी. काहीच करत नव्हती. कधीपासून उभी होती कोण जाणे.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘नंतर करीन,’ ती म्हणाली.

मी पिठाकडे बघितलं. वरून पापुद्रा धरला होता, कडेला चिरा पडायला लागल्या होत्या. माणसानं काय वाटेल ते सहन करावं, पण मळलेलं पीठ असं उघड्यावर वाळताना मला बघवत नाही. ‘अगं बाई, ओला फडका तरी टाक त्याच्यावर,’ मी चक्क मराठीत म्हणालो. पार्सल ठेवलं, हात धुतले, पीठ पाण्याच्या हातानं पुन्हा मळायला घेतलं. बार्लीचं पीठ, ज्वारीसारखंच, लगेच तुटणारं. ‘चल, लाट. मी शेकतो.’

ती म्हणाली, ‘तू माझ्या विषयाबाहेर आहेस.’

‘विषयाबाहेर असेन. हाकेच्या आत आहे ना?’ मी म्हणालो, आणि समोरच्या स्टुलावर बसलो.

पहिली फाटली. दुसरी फाटली. तिचा उजवा हात लाटण्यावर थरथरत होता, आणि लाटणं तिरकं जात होतं. तिसरी मात्र उतरली, मोठी, ताटापेक्षा रुंद, पलीकडचं दिसेल अशी. लांब लाकडी पट्टीवर ती उचलून मी तव्यावर टाकली, उलटली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं फडका घेऊन कडेनं हलकेच दाबली. टम्म फुगली. मी अभिमानानं तिच्याकडे बघितलं.

‘उफ दा,’ ती तिच्या भाषेत किंचाळली. ‘फुगवलीस? फ्लॅटब्रेड फुगवलीस?’

ती सपाटच राहायला हवी, म्हणजे ढीग रचता येतो, हे मला कोण सांगणार? आमच्याकडे फुगली नाही तर लोक नावं ठेवतात. हे तिला समजावून सांगायला लागलो, तशी ती हसायला लागली. पाटावर कोपरं टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि मग ते पाणी थांबेना.

मी तवा बाजूला ओढला.

‘या कामाला दोघी लागतात,’ ती म्हणाली. ‘एक लाटणारी, एक समोर बसून शेकणारी. आईची जोडीदारीण लग्न होऊन दूर गेली. मी पंधरा वर्षांची होते. म्हटलं, मी येते, मी बसते समोर. आई म्हणाली, तू शाळेत जा. नाही म्हणजे नाही. मग ती लाटायचीही आणि शेकायचीही. एकटी. हात कोपरापर्यंत भाजलेले असायचे. मी घरी. शाळेतून यायचं, दिवा लावायचा, तिनं ठेवलेली भाकरी खायची. पूर्ण शरद ऋतू.’ तिनं पिठाच्या हातानं डोळे पुसले, गालाला पीठ लागलं. ‘नंतर मी जगातल्या किती बायकांसमोर जाऊन बसले. तिच्यासमोर नाही.’

‘मग इतकी वर्षं हे केलं का नाहीस?’

‘एकटीनं करता आलं असतं. पण आईनं केलं तसं मला करायचं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी मी मदतीला जाते, ते सोपं आहे. इथे मला कुणालातरी बोलवायला लागलं असतं. शॉन म्हणायचा, मी बसतो. मी म्हणायचे, तुझे हात टपालाचे, जाळून ठेवशील. पुढच्या वर्षी बघू. मग तो गेला.’ ती त्या स्टुलाकडे, म्हणजे माझ्याकडे बघत होती. ‘बोलवायचं कुणाला?’

भिंतीला भिंत लागून राहतो आम्ही. मला इतकं वाईट वाटलं, की राग आला. म्हणालो, ‘लाट. तवा थंड होतोय.’

दुपारपर्यंत आम्ही करत होतो. ती लाटत होती, मी शेकत होतो, आणि फडक्याकडे हात गेला, की ती लाटणं उगारत होती. हळूहळू चळत वाढली. तिचा हात थरथरत होताच, पण ती त्या थरथरीसकट लाटायला शिकली, डाव्या हातानं जास्त भार देऊन. मधे ती आईबद्दल बोलत राहिली. आई काम करताना गुणगुणायची, पण सूर नसायचा. आईला कॉफीत साखर फार लागायची. हे सगळं तिनं स्वतः होऊन सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं.

शेवटची झाली. गुन्वोर उठली, खिडकीपाशी गेली, चष्मा खाली ओढला आणि स्वतःचा उजवा तळवा उजेडात धरला. बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे आली आणि हात पुढे केला.

‘तू बघ. मला माझा वाचता येत नाही. काही दिसतंय का?’

मला त्यातलं काय कळतं? रेषांत पीठ भरलं होतं. माझा फडका हिसकावताना मनगटाच्या वर तव्याची कड लागून लाल चट्टा उठला होता. एका दिवसाच्या कामानं तळव्यावर काही उमटत नाही, हे तिनंच मला कितीदा सांगितलेलं. हात थरथरत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांत धरला, नीट बघितला.

‘दिसतंय,’ मी म्हणालो.

‘कुणाचं?’

‘तुझ्या आईचं.’

तिनं श्वास आत ओढत ‘या’ म्हटलं. फार हळू.

निघताना तिनं अर्धी चळत फडक्यात बांधून माझ्या हातात दिली, मंजिरीसाठी. मी उंबऱ्याबाहेर पडलो, तशी मागून म्हणाली, ‘ती विचारेल, कुणाच्या हातची. दोघांच्या, म्हणून सांग.’

संध्याकाळी मंजिरी आली, एक तुकडा मोडून लोण्याबरोबर खाल्ला आणि विचारलंच. मी सांगितलं. ती उठून मागच्या अंगणात गेली, मी मागोमाग. कुंपणापलीकडच्या खिडकीत गुन्वोरच्या टेबलावरचा दिवा लागला होता, आणि ती लिहायला बसली होती.